उभ्यानं पास

लातूरच्या एका मंगल कार्यालयात, साखरपुड्याच्या पंगतीत, माझ्या साडूंनी हातातली जिलेबी माझ्यावर रोखली आणि चारचौघांना ऐकू जाईल अशा बेताने विचारले, "काय मास्तर, हल्ली उभ्या उभ्या पास करून राहिलात म्हणे?"

शेजारच्या पानांवर हशा पिकला. मी हसलो नाही. साडू आडतीच्या धंद्यातले. विनोद करताना ते समोरच्याचा चेहरा पाहत नाहीत, गिऱ्हाईक पाहतात. गिऱ्हाईक मिळाल्यावर ते आणखी उदार झाले. "जाऊ द्या हो, वय झालं की व्हतंय असं. एवढं बसून कोण बघतंय?"

ज्यांना हा विनोद कळला नसेल त्यांना तो उलगडून सांगणे मला भाग आहे. माझ्या धाकट्या बहिणीला एक कृत्रिम पाऊल बसवले होते. माझ्याच एका माजी विद्यार्थ्याने ते थ्रीडी प्रिंटरवर तयार केले होते: वजनाला हलके, आतून पोकळ, मधमाशीच्या पोळ्यासारखे कप्पेदार. ते मोडले. बहीण पडली आणि तिचे मनगट मोडले. तेव्हापासून आमच्या सगळ्या गोतावळ्यात असे सांगितले जाते की, ते पाऊल मास्तरने घाईघाईने, धड न पाहता, उभ्या उभ्या पास केले होते; तेही सख्ख्या बहिणीचे.

हे असत्य आहे. त्या पावलाविषयी मी एक वाक्य उच्चारले होते आणि त्या वाक्याला दोन भाग होते. लोकांनी पहिला भाग उचलला, त्याचाही अर्थ फिरवला आणि दुसरा भाग टाकून दिला. संपूर्ण वाक्य माझ्याखेरीज फक्त दोघांना ठाऊक होते. दोघेही माझी माणसे. दोघेही गप्प राहिले. ते वाक्य मला परत हवे आहे, म्हणून हे लिहितो आहे.

आधी त्या 'उभ्या उभ्या'चे बघू. नांदेडच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी हयातभर 'स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स' शिकवले. म्हणजे कोणती वस्तू किती भार सोसते, आणि सोसवेनासा झाला की कुठे आणि कशी मोडते. आमच्या प्रयोगशाळेत भार देऊन वस्तू तपासण्याचे एक मोठे यंत्र आहे. त्याच्यासमोर माझे लाकडी स्टूल असे. नमुना यंत्रात लावला की मी त्या स्टुलावर बसायचो आणि नमुना मोडेपर्यंत उठायचो नाही. फोन वाजो, प्राचार्यांचे बोलावणे येवो. विद्यार्थ्यांनी उभ्याने घेतलेली यंत्राची वाचने मी खोडून पुन्हा घ्यायला लावत असे, कारण उभा माणूस मनाने अर्धा दाराबाहेर गेलेला असतो. मुलांमध्ये म्हणच पडली होती, 'सर बसले, आता काहीतरी मोडणार.' निवृत्तीनंतरही महाविद्यालयाने मला ती खोली आणि ते स्टूल वापरायची मुभा दिली. अशा माणसाने काही उभ्या उभ्या पास केले, हे सांगणाऱ्याला एकतर मी माहीत नाही किंवा लाज माहीत नाही.

माझी बहीण किल्लारीकडच्या एका गावात दिलेली. भूकंप झाला त्या पहाटे घराची भिंत तिच्या पायावर आली आणि पाय घोट्याच्या वर कापावा लागला. तेव्हा तिचे लग्न नवे होते. त्या भागातली जुनी घरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना सांगायला नको: हातभर रुंद दगडी भिंती आणि डोक्यावर मातीचे जड माळवद. वजन म्हणजेच ताकद, अशी लोकांची समजूत होती. ती समजूत त्या पहाटे त्यांच्याच अंगावर कोसळली. नंतरच्या वर्षांत मी वर्गात जड आणि मजबूत हे दोन शब्द कोणाला एका श्वासात उच्चारू दिले नाहीत.

पुढे तिला रबरी पाऊल मिळाले. ते टिकाऊ होते, पण जड. पावसाळ्यात काळ्या रानात थोडे चालले की चिखल धरून ते दुप्पट व्हायचे. बांधावर बसून ती काडीने तो चिखल खरवडत म्हणायची, "दादा, भूकंपातला दगुड अजून पायातच हाय बघ." आणि वर हसायची. मला ते हसणे कधी सोसले नाही.

माझ्या त्या विद्यार्थ्याला ही गोष्ट मीच सांगितली होती. त्याच्याविषयी आज माझ्या तोंडून कौतुक निघणे अवघड आहे, पण खोटे लिहायचे नाही म्हणून लिहितो: माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांत त्याच्याइतका हुशार दुसरा नव्हता. लातूरच्या एमआयडीसीत त्याच्या वडिलांची डाळमिल आहे. तिच्याच शेजारच्या शेडमध्ये त्याने प्रिंटर मांडले. शिकत असताना तो आमच्या घरी जेवला आहे, आमच्या ओट्यावर बसून माझ्याशी भांडला आहे. माझ्या बहिणीला तो मावशी म्हणतो आणि तिचाही त्याच्यावर जीव आहे.

एके दिवशी तो नांदेडला आला आणि पिशवीतून एक पाऊल काढून त्याने माझ्या तळहातावर ठेवले. सुगरणीचा खोपा हातात घ्यावा तसे ते लागले.

"निम्म्याहून जास्त हवाच हाय सर आत," तो म्हणाला.

"हवेचं काय घेऊन बसलास? भिंतींचं सांग."

तो हसला. माझे उत्तर काय असणार हे त्याला ठाऊक होते. पोकळ म्हणजे दुबळे, हा अडाणी समज आहे. आणि हलके म्हणजे आधुनिक, हा शिकलेल्यांचा अडाणी समज आहे. सगळे त्या पोकळीच्या रचनेवर ठरते. भार आल्यावर कप्प्यांच्या भिंती वाकणार असतील, तर वस्तू लवकर हार मानते. त्याच भिंती सरळ दाबल्या किंवा ताणल्या जातील अशा मांडल्या, तर तेवढ्याच वजनात ती कितीतरी अधिक सोसते. शिवाय वजन निम्मे केले म्हणजे ताकदही निम्मीच घटेल, असा सरळ व्यवहार इथे नसतो. बहुधा ती निम्म्याहून अधिक घटते. हे सारे त्याला येत होते. त्याने भिंती नीट मांडल्या होत्या, हेही मी मान्य करतो.

पाऊल यंत्रात उभे लावले. तळवा खाली, घोटा वर. मी स्टुलावर बसलो. पडद्यावरची रेषा सरळ चढत गेली. माझ्या बहिणीचे वजन केव्हाच मागे पडले, तिच्यासारख्या आणखी बायांचे वजन मागे पडले, तरी रेषा चढतच होती. मग पापड मोडावा तसा बारीक आवाज आला: कप्प्यांची एक ओळ चेपली होती. रेषा थोडी घसरली आणि आडवी चालू लागली. एकेक ओळ शांतपणे चेपत होती, पण पाऊल कोसळत नव्हते. चांगली कप्पेदार रचना अशीच हार मानते, हप्त्याहप्त्याने. माणसाला सावध व्हायला वेळ देते. विद्यार्थी मोबाइलवर चित्रण करत होता आणि तोंडाने नुसते "सर, सर" म्हणत होता. मलाही भरून आले होते. त्या घटकेला आम्हा दोघांत कसलेच अंतर नव्हते. म्हणूनच पुढचे अधिक लागते.

तो आनंदात लातूरला गेला. जाताना तसलेच दुसरे पाऊल माझ्याकडे ठेवून गेला. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा स्टुलावर बसलो, कारण माझे समाधान झाले नव्हते. आमच्याकडची बाई दिवसभर उभी कुठे असते? चुलीपुढे, खुरपणीला, भांड्यांपाशी, देवापुढे ती चवड्यावर बसते. चवड्यावर बसताना सगळा भार पावलाच्या पुढच्या भागावर येतो आणि घोटा मागून ताणला जातो. मी चवड्याखाली लाकडी पाचर लावली आणि भार दिला.

या वेळी ओळीने चेपणे नाही, सावध करणे नाही. टच्चकन एकच आवाज झाला आणि घोटा मागच्या बाजूने उकलला. मोडलेली बाजू गुळगुळीत होती. प्रिंटर वस्तू थरावर थर चढवून बनवतो, आणि थरांमधला जोड हा नेहमीच त्यातला कच्चा भाग असतो. दाबले की थर एकमेकांना धरून राहतात; ताणले की सुटतात. डाळमिलवाल्याच्या मुलाला हे मी सांगावे? तुरीचा दाणा चिमटीत कितीही दाबा, दाद देत नाही. गिरणीत तोच दाणा जोडावर उकलतो आणि त्याच्या दोन डाळिंब्या होतात. पाऊल उभे ठेवून छापल्यामुळे त्याचे सगळे जोड नेमके घोट्यात आडवे आले होते.

मी तिथूनच त्याला फोन केला. माझे शब्द असे होते: "उभ्यानं पास आहे, चवड्यावर नाही. पाऊल कुशीवर निजवून छाप, म्हणजे घोट्यात जोड येणार नाहीत."

"हाव सर. कळालं."

"काय कळालं? म्हणून दाखव."

विद्यार्थ्याकडून शेवटचे वाक्य म्हणवून घेण्याची माझी सवय आहे. त्याने म्हटले, "उभ्यानं पास, चवड्यावर न्हाई. आडवं निजवून छापतो सर."

उभ्यानं म्हणजे उभा भार असताना. आम्हा दोघांच्या बोलण्यात हा शब्द इतका साधा होता की, त्याला पाय फुटून तो 'उभ्या उभ्या' होईल आणि माझ्याच छातीवर बसेल, हे मला सुचले नाही.

मग येळवस आली. लातूरकडे वेळ अमावस्येला घरांना कुलपे लागतात आणि माणसे रानात जातात. रानात कडब्याची कोपी उभारतात, तिच्यात पूजा मांडतात आणि मग भज्जी नि आंबील पोटभर होते. बहिणीने मला आग्रहाने बोलावले होते. मी पोचलो तेव्हा ती बांधावरून माझ्यापुढे तुरुतुरु चालू लागली. लग्न झाल्यापासून तिला असे चालताना मी पाहिले नव्हते.

"चाल की दादा! म्हातारा झालास का काय?"

"हे नव्यानं छापलेलंच ना?" मी मागून विचारले.

"नवंच हाय की. दिसून न्हाई राहिलं का तुला?" तिने वळून न पाहताच म्हटले.

ते नवेच होते. घालून आठवडासुद्धा झाला नव्हता. ती खोटे बोलली नाही, असे कोणी म्हणेल. मी तसे म्हणत नाही. मी काय विचारत होतो ते तिला पुरते कळले होते.

कोपीचे तोंड बुटके असते. दिवा लावायला ती वाकली आणि चवड्यावर बसली. तो टच्च आवाज त्या गलक्यात मी एकट्याने ओळखला. ती पुढे कोसळली, हात आंबिलीच्या मडक्यावर आदळला. "आगं बया, येळवशीचं मडकं फुटलं!" कोणीतरी किंचाळले. मनगट मोडल्याचे लोकांच्या ध्यानात त्यानंतर आले.

लातूरच्या दवाखान्यात तिच्या हाताला प्लॅस्टर चढत असतानाच विद्यार्थी धावत आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तिच्या दिराने त्याला दारातच धरले. दीर तसा सज्जन माणूस आहे, पण त्या वेळी तो कोणाची तरी मान शोधत होता.

"हे तपासलं व्हतं का न्हाई कुणी? का असंच घातलं पायात?"

विद्यार्थ्याने खाली पाहिले. "तपासलं होतं. सरांनी उभ्यानं पास केलं होतं."

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. मी दुसऱ्या भागाची वाट पाहिली. तो आला नाही.

"उभ्या उभ्या?" दीर माझ्याकडे वळला. "सख्ख्या बहिणीचं, अन् उभ्या उभ्या?"

"पुढचं बोल," मी विद्यार्थ्याला म्हणालो. त्याने माझ्याकडे न पाहता पलंगाकडे, माझ्या बहिणीकडे पाहिले. तिने तोंड भिंतीकडे केले. दुखत असेल, असे मला वाटले. अखेर ते वाक्य मीच म्हटले, दोन्ही भाग, जसे फोनवर म्हटले होते तसे.

"मास्तर, झालं ते झालं," दीर म्हणाला. "आता पोरावर नका ढकलू."

मोठ्याने बोललेले खरे दवाखान्याच्या व्हरांड्यात किती खोटे वाटू शकते, हे मी त्या दिवशी शिकलो.

नंतर कथेला फांद्या फुटल्या. एक फांदी म्हणते, मला आता दिसत नाही. मी अजून चष्म्याविना बारीक तडा शोधतो आणि ज्याला शंका असेल त्याने समोर येऊन बसावे. दुसरी म्हणते, विद्यार्थी पुढे गेला म्हणून मला पोटदुखी झाली. पोटदुखी झालेला माणूस वस्तू पास करतो की नापास, एवढा विचार तरी सांगणाऱ्यांनी करायचा होता. तिसरी माझ्या एका जुन्या सहकाऱ्याची. ते म्हणतात, मास्तर नेहमी तिरके बोलतात, ऐकणाऱ्याची चूक नाही. मी तिरके बोलत नाही. मी दोन भागांत बोलतो, कारण बहुतेक सत्ये दोन भागांतच असतात. ऐकणाऱ्याने पहिल्याच भागाला टाळी देऊन उठून जावे, याला तिरकेपणा कसा म्हणायचा?

साखरपुड्याची जिलेबी मी पानातच ठेवली. मी तसाच उठलो आणि रिक्षाने एमआयडीसी गाठली.

डाळमिल चालू होती. शेडमध्ये सगळ्यावर पिवळसर भुकटीचा थर होता. प्रिंटरच्या काचेआड एक पाऊल तयार होत होते आणि ते कुशीवर निजलेले होते.

"हे आडवं का छापतोस?" मी विचारले.

तो दचकून उठला. "तुम्हीच सांगितलं होतं सर."

"मग दवाखान्यात जीभ कुठं गहाण टाकली होतीस?"

मिलचा आवाज मोठा होता. त्याला जवळ यावे लागले. "सर, मी मावशीला घालायच्या आधी पुरतं सांगितलं होतं. उभ्यानं पास, चवड्यावर न्हाई. आडवं छापायला येळ लागतो, आधार लावावे लागतात, येळवशीपर्यंत होणार नव्हतं. मावशी म्हणली, मला हेच दे, सगळे पाव्हणे येणार हायत, मला चालून दाखवायचंय. मी काय चवड्यावर बसत न्हाई."

"खोटं."

"मावशीला इचारा सर."

"आणि तू दिलंस! मी नाही म्हटलेली वस्तू तू तिच्या पायात घातलीस!"

"घातली सर," तो म्हणाला. "अन् दवाखान्यात मी बोलणारच होतो. मावशीनं डोळ्यांनी न्हाई म्हणलं."

मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. लिहिण्याजोगे नव्हते आणि त्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही. पण एका गोष्टीवर माझा विश्वास बसला नव्हता. मी एसटीने आणि पुढे जीपने बहिणीच्या गावी गेलो ते तिच्या तोंडून 'न्हाई' ऐकायला.

भूकंपानंतर बांधून मिळालेल्या घराच्या ओट्यावर ती खुर्चीत बसली होती. पायात पुन्हा ते रबरी पाऊल. प्लॅस्टरचा हात मांडीवर ठेवून दुसऱ्या हाताने ती तुरीच्या शेंगा सोलत होती. दीर रानात गेला होता.

"त्यानं तुला सांगितलं होतं का, चवड्यावर बसू नको म्हणून?"

"पाणी पी आधी."

"सांगितलं होतं का?"

"सांगितलं व्हतं." शेंग सोलायची ती थांबली नाही.

"आणि तरी बसलीस."

"येळवशीला देवापुढं काय खुर्ची टाकून बसू? सवयीनं बसले रे दादा. बसल्यावर ध्यानात आलं. तवर मोडलंच."

मी विचारले, "दवाखान्यात गप्प का राहिलीस?"

आता तिने सूप बाजूला सारले. "तूच सांग, काय बोलायचं व्हतं? पोरानं ऐकूनबी दिलं म्हणले असते तर दीर त्याला कचेरीत उभा करणार व्हता. शेड बंद झालं असतं. मीच हट केला म्हणले असते तर या घरात जलमभर ऐकून घेतलं असतं. पाय गेल्यापासून काय कमी ऐकलंय? राहिलास तू. तुला कोण काय करणार हाय? तुझं नाव मोठं. तुझ्यावर टाकलं."

"टाकलं म्हणजे काय टाकलं?"

"भार रे. तूच सांगत असतोस न्हाई का, जी भिंत ताठ असती तिच्याकडं भार आधी जातो म्हणून?"

हे मी खरोखरच सांगत असे, तिच्याच घरी, जेवताना. कप्पेदार रचनेत भार सगळ्या भिंतींत सारखा वाटला जात नाही. ताठ भिंती तो स्वतःकडे ओढून घेतात. "होय," मी म्हणालो. "आणि मोडतातही त्याच आधी. तेही मी सांगत होतो. तू पहिलाच भाग ऐकलास."

"तू कुठं मोडतोस!" ती हसली, बांधावर चिखल खरवडताना हसायची तशी.

वाचकांपैकी काहींना इथे तिचा कळवळा येईल. मलाही तिच्या भूतकाळाची कणव आहे आणि ती मी कोणाकडून उसनी घेतलेली नाही. पण तो भार मी उचललेला नव्हता. मला न विचारता तो माझ्यावर ठेवण्यात आला आणि मी वाकलो नाही, हाच ठेवणाऱ्यांनी आपण बरोबर केल्याचा पुरावा म्हणून मला दाखवला. विश्वासघात याहून वेगळा असतो असे मला कोणी पटवून द्यावे. मी ओट्यावरून उठलो आणि एवढेच म्हणालो, "पुढचं पाऊल माझ्या यंत्राखालून गेल्याशिवाय तुझ्या पायात जाणार नाही. आणि ते तू स्वतः येऊन बघायचं. बघशील, ऐकशील, मग सांगशील."

"येते की," ती म्हणाली.

ती आली. प्लॅस्टर निघाल्यावर एका सकाळी एसटीने एकटीच नांदेडला आली. पिशवीत निजवून छापलेली दोन जुळी पावले होती, एक मोडायला आणि एक घालायला. ती पाठवणाऱ्याला मी बोलावले नव्हते.

प्रवासाने तिचा पाय दुखत होता. खोलीत बसायला दुसरे काही नव्हते म्हणून माझे स्टूल तिला दिले. पहिले पाऊल यंत्रात लावले, चवड्याखाली तीच पाचर सरकवली आणि भार सुरू केला. मागच्या वेळी जिथे टच्च आवाज झाला होता ती जागा रेषेने ओलांडली. रेषा चढत राहिली.

"मोडंना की रे," ती पदराचे टोक दातांत धरून म्हणाली.

"मोडेल. कसं मोडतं ते बघायचंय."

खूप वर गेल्यावर पापडासारखा तो बारीक आवाज आला. घोटा उकलला नाही. चवड्यातल्या कप्प्यांची एक ओळ चेपली, मग दुसरी, मग तिसरी, रांगेत उभ्या माणसांनी एकामागून एक खाली बसावे तशी. मी यंत्र थांबवले.

"मग? पास का?"

"उभ्यानं पास," मी एकेक शब्द सुटा करून म्हणालो. "चवड्यावर पास."

तिने माझ्याकडे पाहिले, मग आपल्याखालच्या स्टुलाकडे, आणि तोंडाला पदर लावून ती हसत सुटली. "अरे दादा, उभ्या उभ्याच केलंस की!"

खरेच होते. सुरुवातीपासून मी उभा होतो आणि ते माझ्या ध्यानातही आले नव्हते. मी हसलो नाही.

दुसरे पाऊल तिने तिथेच चढवले. खोलीत दोन फेऱ्या मारल्या. मग, मी काही म्हणायच्या आत, फरशीवर सरळ चवड्यावर बसली. यंत्रातून उडालेला एक पांढरा कपचा खाली पडला होता, तो उचलला आणि हात न टेकता उठली. कपचा तिने बोटांत फिरवून पाहिला. केवढीशी जाळी ती, पण आरपार दिसत होते.

"आता सांगशील?" मी विचारले.

"काय?"

"पुरतं वाक्य. दिराला, साडूंना, येळवशीला जे जे होते त्या सगळ्यांना."

तिने कपचा टेबलावर ठेवला, पदर नीट केला आणि रिकामी पिशवी काखेत घेतली.

"लातूर गाडी कितीला हाय रे दादा?"

मी तिला गाडीची वेळ सांगितली.